बारा काळ तोंडपाठ, पण ‘इट’ कुठे टाकायचं ते विचारू नका

पुन्हा तोच तक्ता! डाव्या रकान्यात आय, वुई, यू, दे. उजव्या रकान्यात ही, शी, इट, आणि खाली लाल खडूने ‘इथे एस लावा’. पाचवीत हाच, दहावीत हाच, आणि भरमसाट फी घेणाऱ्या ‘फाडफाड इंग्रजी’च्या क्लासमध्येही पहिल्या दिवशी फळ्यावर हाच. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षं शिकून पोरगं बाराच्या बारा काळ घडाघडा म्हणून दाखवतं आणि पंखा बंद करायला सांगताना म्हणतं, ‘टर्न ऑफ इट’.

म्हणणारच! सर्वनाम क्रियापदाच्या आधी आलं तर काय करायचं, एवढंच शिकवलंय त्याला. नंतर आलं तर काय, याबद्दल तक्त्यात चकार शब्द नाही, आणि बोलताना खरी बोंब तिथेच होते.

बरं, तो लाडका एस तरी नीट शिकवता का? ‘ही डझन्ट गोज’ कुठून येतं मग? एस एकदाच लागतो, आणि वाक्यात ‘डझ’ आलं की तो ‘डझ’नेच घेतलेला असतो. मागे उरतं ते कोरं ‘गो’. ‘आय डिडन्ट वेंट’चंही तेच: भूतकाळ ‘डिड’ने उचलला, आता ‘वेंट’ कशाला? दोन ओळींत संपणारी गोष्ट आहे. पण नाही, नकारार्थी वाक्यांचा वेगळा तक्ता, प्रश्नार्थींचा वेगळा, आणि ते दोन्ही वेगवेगळे पाठ करायचे.

आणि ‘यू’ एकटा असला तरी ‘आर’ का, असं एखाद्या मुलीने विचारलंच तर उत्तर काय? ‘तो अपवाद आहे, पाठ कर.’ कसला अपवाद? ‘यू’ मुळात अनेकवचनी. एकट्याला ‘दाऊ’ म्हणायचे. मग मोठ्या माणसाला आदराने ‘यू’ म्हणू लागले आणि कालांतराने ‘दाऊ’ मागे पडलं. आपण समोरच्या एकट्या काकांना ‘तुम्ही आहात’ म्हणतोच ना? मराठी मुलाला हे जगात सगळ्यात आधी कळायला हवं, आणि त्यालाच ते सांगायचं नाही! वर ‘बाबा आले, ते जेवतायत’ या सवयीने तो बाबांना ‘दे आर ईटिंग’ म्हणाला, खुर्ची मोडली म्हणून ‘शी इज ब्रोकन’ म्हणाला, की वर्गात हशा. हसण्याआधी एकदा सांगा की इंग्रजीत आदराचं अनेकवचन ‘यू’पाशीच थांबतं आणि खुर्चीला लिंग नसतं.

आता त्या ‘टर्न ऑफ इट’कडे या. ‘टर्न ऑफ द फॅन’ बरोबर, ‘टर्न द फॅन ऑफ’ही बरोबर. पण पंख्याच्या जागी ‘इट’ आलं की दोन पर्याय उरत नाहीत: ‘टर्न इट ऑफ’. सर्वनाम मधेच. ‘पिक हिम अप’, ‘थ्रो देम अवे’, ‘फिल इट इन’. पण हे पाठ केलेला पोरगा लगेच ‘लुक हिम आफ्टर’ म्हणेल, कारण सगळीकडे मधे टाकायचं असंही नाही. ओळखायचं कसं? आधी नाम घालून बघा. ‘लुक द बेबी आफ्टर’ चालतं का? नाही. मग सर्वनामही शेवटीच: ‘लुक आफ्टर हिम’. नाम मधे बसत असेल तर सर्वनामाने मधेच बसायचं, नाम बसत नसेल तर सर्वनामानेही घुसायचं नाही. आणि नुसता तो छोटा शब्द बघून काही कळत नाही, बरं का. ‘ऑन’ तोच, पण शर्ट असेल तर ‘पुट इट ऑन’ आणि बस असेल तर ‘गेट ऑन इट’. शर्टाला मधे घेता येतं, ‘गेट द बस ऑन’ कोणी म्हणत नाही. एका तासाचा धडा आहे हा. बारा काळांच्या पारायणातून तो एक तास काढायला काय जातं?

मग ते ‘एक्स्प्लेन मी’. अर्ध्या महाराष्ट्राच्या ईमेलांत ‘प्लीज एक्स्प्लेन मी’ आणि ‘सजेस्ट मी’ असतं. कारण उघड आहे: मला दे, मला सांग, मला समजाव, मला सुचव. आपल्याकडे एका ‘ला’त सगळं भागतं. इंग्रजीत भागत नाही. ‘गिव्ह मी’, ‘टेल मी’, ‘शो मी’, ‘सेंड मी’, ‘लेंड मी’ ही रोजची छोटी क्रियापदं माणसाला थेट घेतात. एक्स्प्लेन, डिस्क्राइब, सजेस्ट, अनाउन्स ही लॅटिनकडून आलेली लांबलचक मंडळी मधे ‘टू’ मागतात: ‘एक्स्प्लेन इट टू मी’. ऑफर आणि प्रॉमिस लॅटिनची असूनही थेट घेतात, आणि ‘से’ एवढंसं असून ‘टू’ मागतं. एवढे अपवाद लक्षात ठेवले की बरंचसं काम झालं. उलट जिथे ‘टू’ नको तिथे आम्ही हमखास घालणार: ‘आस्क टू हिम’, ‘ही टोल्ड टू मी’. आणि द्यायची वस्तू नि घेणारा माणूस दोन्ही सर्वनामंच असतील तर ‘गिव्ह इट टू मी’ म्हणा, विषय संपला.

‘पण समोरच्याला कळतं ना?’ कळतं हो! रिक्षात, बाजारात, मित्रांत बोला बिनधास्त, कोणी अडवलंय? पण फी घेऊन ‘अचूक इंग्रजी’ शिकवतो म्हणणाऱ्याने ‘कळतं ना’ म्हणायचं नाही.

‘आय वॉन्ट दॅट ही शुड कम’ हेही घ्या. ‘त्याने यावं असं मला वाटतं’ हे मराठी वाक्य जसंच्या तसं उचललेलं. ‘वॉन्ट’च्या मागे माणूस, मग ‘टू’: ‘आय वॉन्ट हिम टू कम’. ‘टेल’, ‘आस्क’, ‘अलाउ’ सगळे त्याच रांगेत. पण ‘मेक’ आणि ‘लेट’ला तो ‘टू’ चालत नाही: ‘मेक हिम वेट’, ‘लेट हिम गो’. आणि ‘मेक’चं वाक्य उलटं फिरवलं की गेलेला ‘टू’ परत येतो: ‘ही वॉज मेड टू वेट’. हे कुठल्या तक्त्यात आहे, दाखवा.

ते नसतं. असतं काय, तर ‘क्लोज द डोअर’चा प्रयोग बदला, आणि उत्तर ‘लेट द डोअर बी क्लोज्ड’. मार्क पूर्ण! दार लावायला असं सांगणारा माणूस जगाच्या पाठीवर कुठल्या घरात राहतो, ते एकदा दाखवाच.