पार्किन्सनच्या गोळ्या मेसेज वाचून बंद करू नका

ठाण्यातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: पार्किन्सनच्या सगळ्या गोळ्या माणसाला जुगारी बनवतात, आजच बंद करा, कवचबीजाचं चूर्ण घ्या, आणि ज्यांना व्यसन लागतं त्यांचा मूळ स्वभावच तसा असतो. नौपाडा ते घोडबंदर रोड, रुग्णांच्या घरच्यांशी माझं नेहमी बोलणं होतं. या मजकुराने ती माणसं दुहेरी घाबरली आहेत.

‘सगळ्या गोळ्या’ हे चूक. मुख्य धोका प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या डोपामाइन अ‍ॅगोनिस्ट गटाचा, म्हणजे मेंदूतल्या डोपामाइन या संदेशवाहक रसायनाची नक्कल करणाऱ्या औषधांचा आहे. अमेरिका-कॅनडातल्या ३,०९० रुग्णांच्या २०१० मधल्या अभ्यासात जुगार, बेसुमार खरेदी, अतिखाणं किंवा अनावर लैंगिक वर्तन यांपैकी काहीतरी अ‍ॅगोनिस्ट घेणाऱ्या १७.१ टक्के लोकांत दिसलं, न घेणाऱ्या ६.९ टक्क्यांत.

‘मूळ स्वभाव’ हा आरोप तर क्रूर आहे. आयुष्यभर पैन्‌पैचा हिशोब ठेवलेले गृहस्थ अचानक लॉटरीची तिकिटं घेत सुटतात, तेव्हा मेंदूत काय घडत असतं? पार्किन्सनमध्ये डोपामाइन बनवणाऱ्या पेशी सगळीकडे सारख्या मरत नाहीत. मेंदूच्या आत खोलवर स्ट्रायटम नावाचं केंद्र असतं; त्याचा हालचाली सांभाळणारा वरचा भाग आधी कोरडा पडतो. बक्षिसाची ओढ सांभाळणाऱ्या खालच्या भागाला डोपामाइन बऱ्यापैकी मिळत राहतं. वरच्या भागासाठी दिलेला डोस खालच्या भागाला जास्त होतो. शिवाय पेशींवर डोपामाइन जिथे चिकटतं त्या जागांना रिसेप्टर म्हणतात; ही औषधं त्यांतल्या डी-३ प्रकाराच्या रिसेप्टरना विशेष चिकटतात आणि ते या खालच्याच भागात दाट असतात. एरवी पैसे हरले की डोपामाइन क्षणभर घसरतं, डी-२ रिसेप्टर असलेल्या पेशी ती घसरण टिपतात आणि माणूस धडा घेतो. गोळीने रिसेप्टर सतत व्यापलेला असेल तर ही घसरण त्या पेशींपर्यंत नीट पोहोचत नाही, असं संशोधकांचं स्पष्टीकरण आहे. हरणं बोचतच नाही, जिंकणं मात्र खुणावत राहतं. पाय अस्वस्थ होण्याच्या विकारावर हीच औषधं घेणाऱ्या, पार्किन्सन नसलेल्या लोकांतही जुगाराची ओढ दिसली आहे. पूर्वी जुगाराचा नाद किंवा घरात व्यसनाचा इतिहास असेल तर धोका वाढतो, हे खरं. पण म्हणून हा स्वभावदोष ठरत नाही.

कवचबीजात लेव्होडोपाच असतं, मेंदूत ज्याचं डोपामाइन बनतं ते पार्किन्सनच्या नेहमीच्या गोळ्यांतलंच औषध, फक्त चमच्यात किती आलं ते कळत नाही.

‘आजच बंद करा’ हा सल्ला सगळ्यांत घातक. औषधं एकदम तोडली तर अंग ताठरून तीव्र ताप येऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. अ‍ॅगोनिस्ट कमी करतानाही काहींना घबराट, नैराश्य, घाम असा त्रास होतो, म्हणून न्यूरॉलॉजिस्ट डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. रुग्ण लाजेपोटी बहुधा बोलत नाही. तेव्हा पुढच्या भेटीला बायकोने किंवा मुलांनी सोबत जावं, बँकेचं पासबुक न्यावं आणि सवय कधी बदलली, कोणती गोळी कधी वाढली, हे डॉक्टरांना तारखांसह सांगावं.