फोटोत नसलेली तीन माणसं

सकाळी चहा घेता घेता पेपर उघडला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. लेकीच्या कॉलेजची मुलींची बास्केटबॉल टीम आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकली, त्याचा फोटो आलाय. पुढे खुर्च्यांवर सहा माणसं, गळ्यात हार. मागे बारा मुली दाटीवाटीने उभ्या, त्यातल्या दोघींचं नुसतं कपाळ दिसतंय. त्या सहांपैकी एकानेही वर्षभरात मुलींची एक प्रॅक्टिस पाहिलेली नाही. मुलींच्या कोच मॅडम फोटोत नाहीत. त्यांना मदत करणारा दादा नाही. शिपाई काका तर नाहीतच.

बातमीत मार्गदर्शन केल्याबद्दल आभार मानलेत. कोणाचे, तर खुर्चीवर बसलेल्यांचे.

मला गेल्या वर्षीची शिवपुरीची मॅच आठवली. तिसऱ्या क्वार्टरमध्ये रिबाउंडसाठी, म्हणजे हुकून परत उसळलेला बॉल पकडायला, लेकीने उडी मारली, खाली आली ती एका पायावर आणि गुडघा आत वळला. मैदानावर डॉक्टर नाही. प्रथमोपचाराच्या पेटीत कापूस आणि एक सुकलेली बाटली. दादा धावत रस्त्यावर गेला आणि उसाच्या रसाच्या ठेल्यावरून बर्फ घेऊन आला. काकांनी खांद्यावरचा गमछा काढला, त्यात तो बांधला. आणि मग शिवपुरी ते ग्वाल्हेर, एकशेवीस किलोमीटरच्या आसपास, मॅडम बसमध्ये खाली बसून आल्या. लेकीचा पाय त्यांच्या मांडीवर. मोहन्याला बस थांबली तिथे काकांनी पुन्हा बर्फ मिळवला. रात्री साडेअकराला ग्वाल्हेरच्या लश्कर भागात आमच्या दारात आल्या तेव्हा मॅडमची ट्रॅकपँट मांडीपासून खाली ओलीचिंब होती. मी लेकीकडे धावले. त्यांना घोटभर पाणी विचारायचंही मला सुचलं नाही. ते अजून टोचतं.

ही तीन माणसं म्हणजे आमच्या मुलींचा सगळा कोचिंग स्टाफ. मोठ्या टीमला फिजिओ असतो, ट्रेनर असतो, समोरच्या टीमच्या मॅचेस बघून टिपणं काढणारा वेगळा माणूस असतो. इथे ते सगळं तिघांत वाटलेलं आहे. मॅडम सहा वर्षांपासून ‘अतिथी’ आहेत. ज्या दिवशी काम त्या दिवसाचं मानधन, सुट्ट्यांत काही नाही. आणि सुट्ट्यांतही सकाळी सहाला मैदानावर कोण असतं, ते या गल्लीतल्या दूधवाल्याला विचारा. सहा वर्षं घर सांभाळणाऱ्या माणसाला कोणी अतिथी म्हणतं का हो?

दादा आपल्या एलएनआयपीईचा, म्हणजे इथल्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थेचा विद्यार्थी. स्वतःचा अभ्यास सांभाळून आठवड्यातून चार दिवस येतो, पेट्रोलचे पैसेसुद्धा कोणी देत नाही. काका कॉलेजचे शिपाई, पण बॉलमध्ये हवा भरणं, कोर्टवरचं पाणी ओढणं, मुलींच्या बॅगा राखणं हे त्यांनी आपणहून अंगावर घेतलंय.

आणि हे आपल्या ग्वाल्हेरात! १९५७ साली, अठराशे सत्तावनच्या लढ्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने इथे शारीरिक शिक्षणाचं हे कॉलेज सुरू झालं. देशभरात कुठल्याही शाळेच्या, कॉलेजच्या मैदानावर जा, इथे शिकलेला कोणीतरी शिट्टी वाजवताना भेटतो. फुलबागेत राणीच्या समाधीवर आपण दर वर्षी जूनमध्ये फुलं वाहतो. आणि त्याच गावात मुलींना शिकवणाऱ्या बाईला फोटोत उभं राहायला हातभर जागा मिळत नाही.

बॉलची गोष्ट तर सांगायलाच हवी. मुलींच्या बास्केटबॉलचा बॉल वेगळा असतो. सहा नंबरचा, घेर बहात्तर सेंटीमीटरच्या आसपास. मुलांचा सात नंबरचा, घेराने आणि वजनाने मोठा. कॉलेजने खरेदी केली ती सगळी सात नंबरची, ‘दोघांना चालेल’ म्हणून. नाही चालत! मुली वर्षभर जड बॉलने शूट करतात, मनगटाला तीच सवय लागते, आणि मॅचच्या दिवशी सहा नंबरचा हातात आला की शॉट बोर्डाच्या वरून जातो. मॅडमनी अर्ज केले, तीनदा. शेवटी दोन बॉल स्वतःच्या पैशाने आणले. दोन बॉलवर बारा मुली.

कॉलेजकडे पैसा कमी आहे, मान्य. पण त्या हारांना पैसे लागलेच ना.

लेकीने एकदा मला पॅट समिट नावाच्या अमेरिकन कोचबद्दल सांगितलं होतं. मॅडम मुलींना बसमध्ये ही गोष्ट सांगतात. १९७४ साली बावीस वर्षांची मुलगी टेनेसी विद्यापीठाच्या मुलींची कोच झाली. पगार महिन्याला अडीचशे डॉलर. टीमचे कपडे स्वतः धुवायची, गाडी स्वतः चालवायची. तिने पुढे १,०९८ मॅचेस जिंकल्या, आठ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मुलींना ते आकडे तोंडपाठ आहेत. मला मात्र त्यातले कपडे धुणंच लक्षात राहिलं, कारण आमच्या टीमच्या जर्सीही मॅडमच्याच गच्चीवर वाळत असतात. मी डोळ्यांनी पाहिल्यात.

मॅडम ओरडतात, अशी तक्रार काही आयांची आहे. हो, ओरडतात. माझ्या लेकीलाही एकदा रडवलंय, तेव्हा मलाही राग आला होता. पण शिवपुरीनंतर चार महिने दर रविवारी आमच्या घरी येऊन, पाटावरून खाली उडी मारायला लावून, ‘गुडघे वाकव, दोन्ही पाय, आवाज नको’ असं शंभरदा सांगणाऱ्याही त्याच. अशा उड्यांमध्ये मुलींच्या गुडघ्याचा लिगामेंट मुलांपेक्षा जास्त वेळा जातो, हे मला आमच्या हाडांच्या डॉक्टरांच्या आधी त्यांनी सांगितलं. मग पूर्ण टीमलाच त्या उड्या रोज सुरू केल्या. या वर्षी एकीचाही गुडघा गेला नाही. हे कुठल्या बातमीत येणार?

परवा एका नातेवाइकांनी फोनवर म्हटलं, ‘मुलींचं काय, पुढे कोण खेळतंय!’ मी फोन ठेवला. अनिता पॉलदुराई भारताच्या बास्केटबॉल टीमची कॅप्टन होती, आई झाल्यावरही पुन्हा कोर्टवर उतरली, २०२१ साली पद्मश्री मिळाली तिला. पण त्यांना हे सांगून काय होणार होतं? आणि पुढे नाही खेळली तरी काय? माझी लेक आता बसमध्ये कोणी धक्का मारला तर मागे वळून बघते. मी तिच्या वयात खाली बघायची.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. प्राचार्य फायनलला शेवटची दहा मिनिटं आले होते, टाळ्याही वाजवल्या, तेवढं सांगायला हवं.

त्या फायनलचंच सांगते. मी होते तिथे. चौथा क्वार्टर, दोन पॉइंटने मागे, मॅडमनी टाइमआउट घेतला. एक मिनिट असतो फक्त. मला वाटलं पाटीवर काही आखतील. त्यांनी इतकंच विचारलं, ‘कोण दमलंय? खरं सांगा.’ दोघींनी हात वर केला. त्यातली एक माझी. दोघींना बसवलं, बाकावरच्या दोघींना पाठवलं, दादाने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. काकांनी माझ्या लेकीच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि आपला तोच गमछा तिच्या खांद्यावर टाकला. शिवपुरीचा. त्या बाकावरच्या मुलींनी मॅच काढली.

दमलेय असं खरं बोलायला माझ्या लेकीला मी शिकवलं नव्हतं.

खाली एक फोटो टाकतेय, मुलींनीच फोनवर काढलेला, जिंकल्यावर पाच मिनिटांनी. जरा हललाय. मध्ये मॅडम आहेत, डोळे मिटलेले. डावीकडे दादा. मागे काका, हातात पंप आणि ते दोन सहा नंबरचे बॉल.

मॅडम, तुमच्यापर्यंत हे पोचलं तर रविवारी तिघंही घरी या. पुरणपोळी करते. आणि या वेळी दार उघडल्या उघडल्या आधी पाणी विचारीन.