‘व्हॉट्सअ‍ॅप आणि एक्सेल असताना बाकीचे चोचले कशाला?’ : एक प्रतिवाद

छोट्या व्यावसायिकांच्या गटांतून एक मजकूर वरचेवर फिरत असतो. त्याचा आशय असा की, दहा-पंधरा माणसांच्या कार्यालयाला व्हॉट्सअ‍ॅपचा गट आणि एक्सेलची फाइल पुरेशी आहे. सामायिक दस्तऐवज (इंटरनेटवर एकाच जागी ठेवलेली, अनेकांना उघडता येणारी फाइल), ऑनलाइन फोल्डर वगैरे मोठ्या कंपन्यांचे चोचले आहेत. कारणे चार सांगितली जातात. हे फुकट असून सगळ्यांना येते, फाइल पाठवली की ती सर्वांना मिळते, गटात सगळ्याची नोंद राहते आणि एन्क्रिप्शनमुळे, म्हणजे संदेश सांकेतिक रूपात जात असल्यामुळे, ते सुरक्षितही आहे. या मजकुरामागचा वैताग मला समजतो, कारण पाच माणसांच्या कार्यालयात सहा अ‍ॅप आणून ठेवणारे सल्लागार मीही पाहिले आहेत. पण दिलेल्या कारणांपैकी पहिले अर्धे टिकते. उरलेली तीन टिकत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅप सगळ्यांना येते, हे खरेच आहे. ‘ट्रक निघाला’ किंवा ‘उद्या दहाला या’ एवढा निरोप देण्यासाठी दुसरे काही शिकण्याची गरज नाही. मात्र ‘फुकट’ हा शब्द एक्सेलला लावताना थोडे थांबायला हवे. संगणकावर बसवायचे एक्सेल विकत घ्यावे लागते; फुकट मिळते ते ब्राउझरमध्ये चालणारे, आणि ते तर एकच फाइल अनेकांनी एकाच वेळी वापरावी या सोयीसाठीच ओळखले जाते. म्हणजे ज्याला चोचले म्हणून नाव ठेवले, तेच येथे फुकट आहे. गूगलच्या साध्या खात्यावरही मेल, फोटो आणि फाइली मिळून 15 जीबी जागा पैसे न मोजता मिळते.

खरी चूक दुसऱ्या मुद्द्यात आहे. फाइल पाठवली की ती सर्वांना मिळते असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात प्रत्येकाला तिची एक वेगळी प्रत मिळते आणि त्या क्षणापासून त्या प्रतींचा एकमेकींशी संबंध उरत नाही. माझ्या ओळखीच्या एका कार्यालयात दरपत्रकाची फाइल गटात टाकली जात असे. मालकांनी दुपारी दोन दर बदलून नवी फाइल टाकली, पण सकाळची फाइल आधीच उतरवून घेतलेल्या मुलाने संध्याकाळी ग्राहकाला जुनेच दर कळवले आणि शब्द दिलेला असल्यामुळे माल त्याच दराने द्यावा लागला. चूक त्या मुलाची म्हणता येणार नाही, कारण दोन्ही फाइलींच्या नावात ‘फायनल’ होते. (मराठी कार्यालयांत ‘फायनल’ या शब्दाइतका कच्चा शब्द दुसरा नसेल.) सामायिक दस्तऐवजात फाइल एकाच जागी असते आणि गटात तिची फक्त लिंक जाते, लिंक सकाळी उघडा की संध्याकाळी, दिसतो तो त्या घडीचा दर. शिवाय कोणी काय बदलले हे आवृत्त्यांच्या इतिहासात पाहता येते आणि चुकून पुसलेला रकाना परत आणता येतो. इंटरनेट गेले तर काय, ही शंका रास्त आहे. त्यासाठी गूगल डॉक्समध्ये ऑफलाइन काम करण्याची सोय आधी चालू करून ठेवावी लागते.

गटात सगळ्याची नोंद राहते, हा तिसरा मुद्दाही तपासून पाहावा. पाठवलेला संदेश 15 मिनिटांपर्यंत बदलता येतो, सुमारे अडीच दिवसांपर्यंत सर्वांसाठी काढून टाकता येतो आणि आपोआप नाहीसे होणारे संदेश चालू असतील तर तो 24 तासांत, 7 दिवसांत किंवा 90 दिवसांत जातो. असा मजकूर नोंद म्हणून कोण धरणार? कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके 8 वर्षे जपावी लागतात, आणि 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांनी वापरायच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची, बंद करता न येणारी नोंद असणे बंधनकारक आहे. हा नियम भागीदारी पेढीला किंवा एकट्याच्या दुकानाला लागू नाही, हे मान्य. पण कोणी, केव्हा, काय बदलले हे कळण्याची गरज त्यांनाही तेवढीच असते. एक अडचण मात्र त्या मजकुराने सांगायला हवी होती आणि सांगितलेली नाही: श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली मराठी पत्रे ऑनलाइन फोल्डरमध्ये टाकली, तरी मराठी शब्द देऊन ती शोधता येत नाहीत. ती आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना ओळखता येणाऱ्या अक्षरांच्या समान पद्धतीत, बदलून घ्यावी लागतात, आणि हे काम कंटाळवाणे आहे.

सुरक्षिततेचे थोडक्यात सांगतो. एन्क्रिप्शन संदेशाला वाटेत जपते. फोनवर उतरलेली ग्राहकांची यादी नोकरी सोडणाऱ्याबरोबर बाहेर जाते, तिला ते अडवत नाही. फोल्डरवरचा त्याचा प्रवेश निदान त्याच दिवशी काढता येतो, जरी त्याने आधी उतरवून घेतलेले परत मिळत नसले तरी. उलट बाजूही सांगायला हवी: साध्या खात्यावरील ऑनलाइन दस्तऐवजांना व्हॉट्सअ‍ॅपसारखे दोन्ही टोकांपर्यंतचे (पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाही वाचू न देणारे) एन्क्रिप्शन नसते, आणि ‘लिंक असलेल्या कोणालाही’ फाइल उघडू देणारी परवानगी देऊन लोक स्वतःच दार उघडे टाकतात.

तेव्हा निरोप गटात राहू द्यावेत आणि दरपत्रक, ग्राहकांची यादी व येणी-देणी एवढ्या तीन फाइली आधी सामायिक फोल्डरमध्ये हलवाव्यात. तो फोल्डर कार्यालयाच्या नावाने काढलेल्या खात्यावर असावा, कोणा कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यावर नको. तो माणूस गेला की फायलींची मालकी त्याच्याच खात्याकडे राहते, आणि दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल त्यातील सगळ्या मजकुरासह काढून टाकू शकते.