हात कसला बघताय?

वीट आलाय या प्रकाराचा! निवडणूक लागली की जो तो उमेदवाराची नाडी तपासायला बसतो. मे २०२४, ओडिशा. भाषण करताना तेव्हाचे मुख्यमंत्री नवीन पटनायक यांचा हात थरथरला, शेजारी उभे असलेले त्यांचे विश्वासू सहकारी पांडियन यांनी तो कॅमेऱ्याआड सरकवला. झालं, तेवढ्या क्लिपवरून ७७ वर्षांच्या माणसाचं निदान सुरू! तब्येत का ढासळली याच्या चौकशीसाठी समिती नेमू, असं खुद्द पंतप्रधान सभेत बोलले. अरे, माझ्या बाबांचाही हात चहाचा कप धरताना असाच थरथरतो, बशीत चहा सांडतो. पण डोकं लख्ख आहे त्यांचं! २४ वर्षांच्या कारभाराचा जाब विचारा ना. पोटासाठी सुरतेला जाणाऱ्या ओडिया पोरांबद्दल विचारा. ते कुणी विचारायचं?