हार्बर लाईन वेगळी, गोदीची रेल्वे वेगळी

दादा, मुंबई पोर्ट ट्रस्टच्या, म्हणजे गोदीच्या रेल्वेवर मी लिहिलं, त्यावर तुमचे आक्षेप दोन. "पोर्ट ट्रस्ट रेल्वे म्हणजे हार्बर लाईनच, तिचा वेगळा इतिहास कशाला उगाळता?" आणि "साताऱ्याच्या माणसाला मुंबईच्या गोदीचं एवढं काय पडलंय?" शिवाय जाता जाता लिहिलंत, की तुमचे चुलते बीपीटीत (बॉम्बे पोर्ट ट्रस्टमध्ये) होते आणि त्यांनी कधी या रेल्वेचं नाव काढलं नाही.

हार्बर लाईनचा कुर्ला ते रे रोड हा पहिला टप्पा १९१० चा, तोही जीआयपी या रेल्वे कंपनीचा. गोदीची रेल्वे १९१५ मध्ये सुरू झाली आणि ती पोर्ट ट्रस्टच्या स्वतःच्या मालकीची. बऱ्याच अंतरात दोघी शेजारून धावायच्या, म्हणून गल्लत होते. बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर विलायतेच्या बोटीतून उतरणाऱ्या साहेबलोकांची सोय होती खरी, पण या लाईनीचं पोट मालावर होतं. वडाळ्याच्या यार्डात देशभरातून वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, यायच्या. कुठली कुठल्या डॉकला, कुठल्या शेडला, अशी तिथे निवड व्हायची आणि मग इंजिन त्या ढकलत थेट शेडच्या दाराशी नेऊन लावायचं. एका बाजूला वाघीण, दुसऱ्या बाजूला बोट. मधलं अंतर क्रेनचं आणि माणसाच्या खांद्याचं.

तो खांदा कुणाचा? तुमच्या दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर इथेच आहे. पाटण, जावळी, शिराळ्याकडची माणसं मुंबईत आपल्या गावच्या लोकांच्या सामाईक गाळ्यात वळकटी टाकून राहायची आणि सकाळी टोळीवाल्यापुढे, म्हणजे कामाला माणसं निवडणाऱ्या मुकादमापुढे, उभी राहायची. त्याच्या मर्जीवर दिवसाची हजेरी. (मर्जीची किंमत काय असायची, हे जुन्या माणसांना सांगायला नको.) गोदी कामगारांसाठी कायदा आला १९४८ मध्ये. लोक माथाडी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या कामगारांच्या, कायद्याशी त्याची सरमिसळ करतात, पण माथाडी कायदा १९६९ चा. तो ज्यांच्या लढ्यातून आला ते अण्णासाहेब पाटीलही पाटणकडचेच. आता सांगा, हा इतिहास साताऱ्याचा नाही?

१९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, कंटेनर वाढले. मालाची ही पेटी कारखान्यातच बंद होऊन येऊ लागली, मग शेडच्या दारात वाघीण लावायची कुणासाठी?

चुलत्यांचं म्हणाल, तर रेल्वेचं नाव न काढणं साहजिक आहे. त्यांच्या लेखी ते सगळं 'डॉक'च. ते टोळीत होते, क्रेनवर होते की यार्डात, एवढं विचारून इथे लिहा. यार्डात असतील तर मला त्यांना भेटायचंय.