भिंतीतली ११ भोकं

गेल्या महिन्यात माझ्या भाडेकरूंनी घर सोडलं. ४ वर्षं राहिले. भाडं कधी चुकवलं नाही, शेजाऱ्यांची एक तक्रार नाही. घर ताब्यात घ्यायला गेले तेव्हा सामान टेम्पोत चढलेलं होतं आणि ती दोघं रिकाम्या हॉलमध्ये निकालाला थांबल्यासारखी उभी होती. मी मोबाइलचा टॉर्च लावून भिंती तपासायला सुरुवात केली. बेडरूममध्ये पलंगामागे डोकं टेकून टेकून पडलेले दोन तेलकट डाग, एक जरा वर, एक जरा खाली. हॉलच्या भिंतीत खिळ्यांची भोकं. मोजली. ११.

पर्समध्ये रंगाऱ्याचं एस्टिमेट होतं. म्हणजे घर बघायच्या आधीच रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापायचं मी ठरवून टाकलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

११ पैकी ४ भोकं पांढऱ्या कशाने तरी बुजवलेली दिसली. लांबी भरली असेल म्हणून नखाने खरवडलं, तर पुदिन्याचा वास आला. टूथपेस्ट!

मी स्वतः १४ वर्षं भाड्याने राहिले, ७ घरं बदलली. त्यातल्या निदान ३ घरांत निघायच्या आदल्या रात्री मी हेच केलंय. बोटाने टूथपेस्ट भरायची, ओल्या फडक्याने पुसायची आणि मालकाची नजर तिकडे जाऊ नये म्हणून देवाचं नाव घ्यायचं. (सुकल्यावर ती आत ओढली जाते आणि भोकाच्या जागी खळी दिसते. कोणी करणार असाल तर थोडी फुगवून भरा.) एवढं करूनही ७ पैकी ५ घरांत माझं डिपॉझिट कापलं गेलं. एकदा तर मालकाने कागदाच्या कपट्यावर 'रंग, सफाई, इतर' असं लिहून एक गोल आकडा हातात ठेवला. 'इतर' म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. विचारणार कशी? टेम्पोवाला खालून हॉर्न मारत होता, आणि उरलेलं डिपॉझिट हातात आल्याशिवाय नव्या घराचं डिपॉझिट भरता येणार नव्हतं.

सगळी ग्यानबाची मेख इथे आहे. घर सोडायच्या दिवशी भाडेकरू जितका अडलेला असतो तितका एरवी कधीच नसतो. पैसे त्याचे, पण मालकाच्या खात्यात. भांडायला वेळ नाही, जागा तर सोडायचीच आहे. अशा वेळी माणूस म्हणतो, जाऊ दे, सुटलो. आणि हे 'जाऊ दे' आपण मालक लोक गृहीतच धरून चालतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की डिपॉझिट म्हणजे मालकाचा रंगरंगोटीचा फंड नव्हे. घर राहून झिजतं, आणि त्या झिजेचे पैसे मालकाला भाड्यात दर महिन्याला मिळालेले असतात. नळाचा वायसर गेला, उन्हाने पडदा विटला, दाराची बिजागरी सैल झाली, चालण्याच्या वाटेवर फरशीची चमक उडाली, ही झीज. सिंकमध्ये जड वस्तू आपटून तडा गेला, परवानगी न घेता भिंत फोडली, आरसा फुटला, हे नुकसान. झीज मालकाची, नुकसान भाडेकरूचं.

नुकसानातही सगळी किंमत लावता येत नाही. इंग्लंडमध्ये असे वाद सोडवणारे लोक वस्तूचं वय बघतात. १० वर्षं टिकणारा गालिचा आठव्या वर्षी खराब केलात, तर मालकाला उरलेल्या दोन वर्षांपुरतेच पैसे मिळतात; जुन्याच्या बदल्यात कोरं करकरीत घेता येत नाही. मी हाच हिशोब माझ्या भिंतींना लावून बघितला. माझ्या रंगाऱ्याच्या मते आतला रंग ५-६ वर्षं टिकतो. हे लोक यायच्या २ वर्षं आधी रंग दिलेला, वर यांची ४ वर्षं. झाली ६. म्हणजे ते साधूसारखे भिंतीला न टेकता राहिले असते, तरी मला आता रंग द्यावाच लागला असता. मग तो त्यांच्या पैशांनी का?

ओलीचं प्रकरण मात्र खरंच अवघड आहे, आणि त्यावरून भांडणंही होतात. मालक म्हणतो तुम्ही कपडे आत वाळत घालता, भाडेकरू म्हणतो तुमची भिंत गळते. बऱ्याचदा दोघांचंही थोडं थोडं खरं असतं. मी आता ढोबळमानाने असं बघते: कपाटामागे, कोपऱ्यात, खिडकीच्या कडेने काळे ठिपके असतील तर आतली वाफ साचलेली असण्याची शक्यता जास्त. पिवळट तपकिरी कडेचा डाग असेल, पोपडे सुटत असतील, तर पाणी छतातून, बाहेरून किंवा पाइपातून येतंय. दुसऱ्या प्रकाराचा खर्च भाडेकरूच्या माथी मारणं ही सरळ लबाडी. आणि पहिल्यातही घराला धड वायुवीजन नसेल तर वाफेने जायचं कुठे?

डिपॉझिट किती असावं यावर बरंच बोललं जातं. जर्मनीत कायद्याने जास्तीत जास्त ३ महिन्यांचं भाडं, तेही हीटिंगसारखे खर्च वगळून, आणि भाडेकरू ते ३ हप्त्यांत देऊ शकतो. भारतात केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी २ महिन्यांची मर्यादा आहे, पण तो नमुना आहे. राज्यांनी स्वीकारला तरच लागू. मला मात्र रकमेपेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे, की ती ठेवतो कोण. न्यूझीलंडमध्ये मालकाला डिपॉझिट २३ कामकाजाच्या दिवसांत सरकारी यंत्रणेकडे जमा करावं लागतं. इंग्लंडमध्ये एप्रिल २००७ पासून ते मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित करणं बंधनकारक आहे. आता त्यासाठी ३० दिवस मिळतात, आणि चुकलात तर कोर्ट डिपॉझिटच्या तिपटीपर्यंत दंड लावू शकतं. पैसे तिसऱ्याच्या हातात असले की कापायचं कारण मालकाला सिद्ध करावं लागतं. पैसे मालकाच्या हातात असले की न कापायचं कारण भाडेकरूला शोधावं लागतं.

आता मालक मंडळी कमेंटमध्ये येतीलच, की तुम्हाला चांगले भाडेकरू मिळाले म्हणून हे सुचतंय. मान्य. माझ्या एका मैत्रिणीचा भाडेकरू ३ महिन्यांचं भाडं आणि विजेचं बिल थकवून रातोरात पसार झाला. डिपॉझिट असतं ते अशांसाठीच, तिने पै न् पै कापून घेतली आणि बरोबर केलं. पण त्याचा राग पलंगामागच्या डागावर काढायचा नसतो.

मी शेवटी काय केलं? एस्टिमेट पर्समधून बाहेर काढलंच नाही. त्यांच्या मांजराने हॉलच्या खिडकीचा ब्लाइंड फाडला होता, त्याचे निम्मे पैसे कापले. ८ वर्षं टिकेल असं धरलं, ४ झाली होती. भाडेकरू बाई म्हणाली, "ताई, एवढेच?" त्या दोन शब्दांनी मला जास्त ओशाळल्यासारखं झालं. बाकीची रक्कम तिथेच उभ्याउभ्या ट्रान्स्फर केली.

नवे भाडेकरू आले तेव्हा चावी देण्याआधी आम्ही घरभर फिरून व्हिडिओ केला. सगळे नळ सोडून बघितले, फ्लश ओढला, कपाटं आतून दाखवली, मीटरचं रीडिंग आकडा वाचता येईल असं टिपलं, चाव्या मोजल्या. त्याच संध्याकाळी तो दोघांच्या ईमेलवर टाकला, म्हणजे तारखेवरून वाद नको. बाल्कनीची कडी नीट बसत नाही हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं, नव्या मुलीने ते यादीत लिहिलं. अर्धा तास लागला.

यादीवर सही करताना तिने विचारलं, खिळे किती ठोकलेले चालतील? मी वकिलांना फोन करून म्हटलं, करारात खिळ्यांचं एक कलम घाला. ते म्हणाले, बाई, असलं काही करारात लिहीत नाहीत. बराच वेळ हुज्जत झाली. शेवटी यादीच्या तळाशी आम्हीच हाताने लिहिलं: खिळे कितीही, टाइलवर नाही.