मार्गदर्शक भरपूर, गिऱ्हाईक कोण?

सामाजिक उद्योगांना, म्हणजे लोकांचं भलं व्हावं म्हणून चालवलेल्या धंद्यांना, हात देणाऱ्या संस्थांचं सध्या पेव फुटलंय. नव्या धंद्याला सुरुवातीला सांभाळणारे इन्क्युबेटर, त्याला झटपट वाढवू पाहणारे ॲक्सिलरेटर, फेलोशिप, हॅकेथॉन, काय म्हणाल ते. मी तालुक्याच्या गावी बचत गटांचे आणि शेतकरीच भागधारक असलेल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचे हिशेब बघते, त्यामुळे यांची निमंत्रणं माझ्या फोनवरही येऊन पडतात. ‘तुमची कल्पना पाच मिनिटांत मांडा.’ आमच्या बायका दोन मिनिटांतही मांडतील हो. पण दिवाळीत दिलेल्या चकलीचे पैसे संक्रांत झाली तरी आले नाहीत, त्याचं काय करायचं हे सांगणारा त्या परीक्षकांत कुणी नसतो.

माझं मत स्पष्ट आहे. नव्या सामाजिक उद्योगाला आधी खेळतं भांडवल आणि ठरलेलं गिऱ्हाईक लागतं, आणि वही नीट लागेपर्यंत शेजारी बसणारं कुणीतरी लागतं. भाषणं नंतर. हे मी नवीन काही सांगत नाहीये, मुंबईत साठ-पासष्ट वर्षांपूर्वी हेच झालंय.

15 मार्च 1959 रोजी गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या आणि लिज्जत सुरू झालं, ही गोष्ट महिला दिनाच्या प्रत्येक भाषणात असते. भांडवल 80 रुपये, तेही उसने, छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून. भाषण सहसा इथेच संपतं. मला पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. छगनबाप्पांनी ते पैसे परत करायचे म्हणून दिले होते. हिशेब चोख ठेवा आणि तोटा आला तरी देणगी घेऊ नका, हा त्यांचा आग्रह. बायकांनी भारी आणि हलका असे दोन प्रतींचे पापड काढायचं मनात आणलं, तेव्हा एकच प्रत ठेवा आणि ती चांगली ठेवा, असं त्यांनी सांगितलं. आणि माल घ्यायला भुलेश्वरचा ओळखीचा व्यापारी होता. कर्ज देणारा, वही तपासणारा आणि माल घेणारा, सगळे चालत जाण्याच्या अंतरावर! 1966 मध्ये संस्थेची नोंदणी झाली, त्याच वर्षी खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने मान्यता दिली आणि 8 लाख रुपयांचं खेळतं भांडवल दिलं. तेव्हाचे 8 लाख, बरं का. त्यासाठी कुणाला स्लाइड दाखवाव्या लागल्या नव्हत्या. सात वर्षांचा धंदा समोर होता.

दुसरं उदाहरण माणदेशातलं. म्हसवडला चेतना सिन्हा यांनी 1997 मध्ये माणदेशी ही बायकांची बँक उभी केली. त्याआधी रिझर्व्ह बँकेने अर्ज परत पाठवला होता, कारण अर्जावर अंगठे होते. मग त्या बायका सही शिकल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या की व्याजाचा हिशेब आम्हाला तोंडी विचारा. ही गोष्टही पुष्कळ सांगितली जाते. माझ्या लेखी माणदेशीचं खरं मोठेपण 2012 च्या दुष्काळातलं आहे. त्यांनी तेव्हा जनावरांची छावणी चालवली. बँकेने छावणी का चालवावी, असं एखाद्या शहरी सल्लागाराने विचारलं असतं. पण जिचा धंदा दुधाचा आहे तिची म्हैस चाऱ्यावाचून बाजारात गेली की कर्ज, प्रशिक्षण, व्यवसाय आराखडा सगळं पाण्यात. दावणीला जनावर टिकवणं हाच तिथे उद्योगाला आधार होता.

आता आपल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांकडे या. 2020 मध्ये केंद्राने 10,000 संस्थांची योजना आणली. एका संस्थेला तीन वर्षांत 18 लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च. योजना वाईट नाही, सीईओचा आणि हिशेबनिसाचा पगार त्यातून निघतो. पण पहिलं वर्ष शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करण्यात जातं, दुसरं खत-बियाण्यांचे परवाने आणि गोदाम शोधण्यात. धंद्याला जरा बूड यायला लागतं आणि तीन वर्षं भरतात. सीईओ दुसरी नोकरी बघतो. मग ताळेबंद आणि वार्षिक विवरणाचे फॉर्म वेळेत भरायला कुणी उरत नाही. उशिराचा दंड एका फॉर्मला दिवसाला 100 रुपये. दोन फॉर्म वर्षभर राहिले की 73,000. ज्या कंपनीने अजून एक ट्रक कांदा धड विकला नाही तिने हे कुठून भरायचे?

पुण्याची कचरावेचकांची ‘स्वच्छ’ सहकारी संस्था बघा म्हणजे मुदतीचा अर्थ कळेल. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना 1993 ची, ‘स्वच्छ’ने महापालिकेशी करार केला 2008 मध्ये. पंधरा वर्षं संघटना, मग उद्योग. आणि उद्योग सुरू झाला तेव्हा गिऱ्हाईक ठरलेलं: घरोघरचा कचरा आणि दरमहा मिळणारं शुल्क. त्या करारावरून पुढे ताणाताणी खूप झाली, पण मागे संघटना असल्यामुळे कचरावेचक बायका टिकल्या.

सगळेच इन्क्युबेटर टाकाऊ आहेत असं मी म्हणणार नाही. मुंबईत 2007 मध्ये सुरू झालेल्या अनलिमिटेड इंडियाने कल्पना कच्ची असतानाच माणसावर पैसे लावले, आणि ते धाडस बँक कधीच करत नाही. पण अशा संस्था शहरांत. तालुक्याला येतो तो मार्गदर्शन शिबिराचा फ्लेक्स.

कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी, म्हणजे सीएसआर, सांभाळणाऱ्या मित्रांना एक विचारायचंय. 2013 च्या कायद्याने तुम्हाला नफ्याचे दोन टक्के खर्च करावे लागतात आणि सरकारी मदतीवरच्या इन्क्युबेटरला दिलेले पैसेही त्यात धरले जातात. द्या, जरूर द्या. पण तुमच्या कँटीनची चटणी, पापड, डाळ कुठून येते? दिवाळीच्या भेटीचे डबे कोण भरतं? वर्षाची ऑर्डर एका गटाला लेखी देऊन बघा. आणि उद्यम ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी असलेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, असं 2006 चा कायदा सांगतो, तेवढं तुमच्या अकाउंट्स खात्याला कळवा.